पोटुशी बाई आणि मिश्री, दारू, गोळ्या : वाडीतल्या माणसांनी आधार कसा द्यायचा

नव्याने रुजू झालेल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या ताई), आणि ज्यांच्या घरात किंवा शेजारी कुणी गरोदर आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. इथे चूक झाली, तर मदतीला गेलेलं माणूसच बाईचा जीव धोक्यात घालतं. मिश्री, तंबाखू, सुपारी आज रात्री बंद केली तरी चालते. चिडचिड होते, डोकं दुखतं, पण त्याने जीव जात नाही. रोज पिणाऱ्या बाईची दारू मात्र घरच्या घरी एकदम तोडायची नाही. गर्द (ब्राउन शुगर), कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, रोजच्या झोपेच्या गोळ्या यांचंही तसंच. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक थांबल्या तर बाईला फिट येऊ शकते, आणि यातलं काहीही एकदम तुटलं तर पोटातलं बाळ संकटात येतं. म्हणून कुणालाही ‘सोड’ म्हणण्याआधी ती काय घेते आणि किती, हे कळलं पाहिजे.

विचारायचं कसं

कोकणात सगळ्यात जास्त आढळते ती मिश्री, आणि तीच सांगायची राहून जाते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून केलेली ती पूड बायकांच्या लेखी दात घासायची वस्तू असते, नशा नव्हे. ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला म्हणूनच ‘नाही’ असंच उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. प्रश्न दातांवरून सुरू करा. “वहिनी, सकाळी दात कशाने घासता? दुपारी जेवल्यावर परत लावता? रात्री झोपताना?” मिश्री लावणाऱ्या बाईला चिमूट मोजता येत नाही, पण डबी किती दिवस पुरते ते ती बरोबर सांगते. तेच लिहून घ्या, पुढे मोजमाप त्यावरूनच करायचं आहे.

मग पान-सुपारी, मग गोळ्या-औषधं, आणि शेवटी दारू. दारूचा प्रश्न थेट तिच्यावर टाकू नका. आधी घराकडे वळवा: घरात कोण घेतं, राखणीला किंवा शिमग्याला बायकांनाही देतात का? मग “या पोटात असल्याचं कळायच्या आधी तुम्ही घेत होतात का?” आणि त्यानंतर “आता?” आधीचं सांगणं सोपं जातं, आणि आधीचं सांगितलं की आताचंही बहुतेक वेळा बाहेर येतं.

हे सगळं सासूसमोर, नवऱ्यासमोर किंवा अंगणवाडीच्या रांगेत विचारायचं नाही. वजन करायला तिला एकटीला आत घ्या, किंवा ती विहिरीवर वा परड्यात असेल तेव्हा गाठा. ओटीवर सासू बसलेली असेल तर तो दिवस फुकट गेला असं समजा, गूळ-शेंगदाण्याबद्दल बोला आणि परत या.

कबुली आली की चेहरा बदलू देऊ नका. “बरं झालं सांगितलंत” एवढंच म्हणा. पहिल्या भेटीत उपदेश केला की दुसऱ्या भेटीला दार लोटलेलं मिळतं.

माता-बाल संरक्षण कार्डावर यातलं काही लिहू नका. ते कार्ड घरात सगळ्यांच्या हातातून फिरतं. माहिती डॉक्टरांच्या केसपेपरवर जाऊ द्या. ग्राम आरोग्य समितीच्या इतिवृत्तात नाव येता कामा नये, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच नाही. दारू किंवा नशेच्या त्रासासाठी उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तिचा हक्क आहे.

मिश्री सोडवताना बद्धकोष्ठाकडे लक्ष द्या

मिश्रीतलं निकोटीन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे (बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाकडे) जाणारं रक्त कमी होतं. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तोंडाने तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. आधीच हिमोग्लोबिन ९ असलेल्या, बाळाचं वजन अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाईला हे १०० ग्रॅम जड जातात.

आता अडचण कुठे येते ते बघा. “मशेरी लावल्याबिगर माका परसाकडेक होणा नाय,” हे वाक्य तुम्हाला दर चौथ्या घरात ऐकू येईल, आणि त्यात तथ्य आहे. निकोटीनने आतड्याला चालना मिळते. मिश्री थांबली की पोट जड होतं. गरोदरपणात आधीच पोट साफ होत नाही. त्यात चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या सुरू होतात, त्यांनीही शौचाला खडा होतो. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या की बाई आठव्या दिवशी डबी परत काढते, शिवाय दोष देते तो लाल गोळ्यांना आणि त्याही बंद करते. मिश्री सुटली नाहीच, वर लोहही गेलं.

म्हणून क्रम असा ठेवा. मिश्री सोडायच्या आधी चार-पाच दिवस पोटाची तयारी करा: उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, दिवसभरात आठ-दहा पेले, रोज एक केळं किंवा पपई सोडून दुसरं फळ, नाचणीची भाकरी, टाकळा-शेवगा जी मिळेल ती पालेभाजी. तरी अडलं तर सिस्टरना विचारून इसबगोल. एरंडेल द्यायचं नाही, घरात कुणी म्हातारी सुचवेलच. लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने, चहाबरोबर नको, कोकम सरबत किंवा लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाचा रंग काळा होतो हे आधीच सांगून ठेवा.

मग दिवस ठरवा. सकाळची चिमूट सगळ्यात घट्ट धरून बसते, ती शेवटी सोडायची. पहिल्या आठवड्यात दुपारची, दुसऱ्यात रात्रीची, मग सकाळची. एकदम सोडणारी असेल तर उत्तमच, तिला अडवू नका. कालनिर्णयच्या चौकोनात ती स्वतः खूण करू दे. सगळ्यात कठीण पहिले तीन दिवस. त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटं टिकते, तेवढी निभावली की झालं. तेवढ्यात चूळ भरायची, बडीशेप चघळायची, एक फेरी मारायची. दात मऊ ब्रशने आणि साध्या पेस्टने घासायचे. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतं, ते बघून ‘मिश्री सोडली म्हणून दात हलायला लागले’ असा समज होतो. तो आधीच काढून टाका. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी बाजारातून सुटी काळी-तपकिरी पूड आणू देऊ नका. आणि मिश्रीच्या जागी सुपारी येऊ देऊ नका. बागेतली असली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही, तिनेही बाळाचं वजन घटतं.

डबी कुठे हातात येते तेही बघा. हर्णैच्या वाळूवर किंवा मिरकरवाड्यात मासळीच्या लिलावासाठी बोटी लागायची वाट बघत बसलेल्या बायकांत डबी हातोहात फिरते. काजू फोडायच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत तेच. एकटी बाई घरात महिना काढते आणि लिलावाच्या ठिकाणी मोडते. तिथल्या एक-दोन जुन्या बायकांना विश्वासात घेऊन एवढंच सांगायचं, की हिच्या हाताकडे डबी सरकवू नका. (भाजण्याचा धूरही तिच्या चुलीवर नको. सासूला मिश्री लागत असेल तर ती दुसरीकडून भाजून आणावी.) निकोटीनचं च्युइंगगम गरोदर बाईला दुकानातून आणून देऊ नका, तो निर्णय डॉक्टरांचा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन फुकट मिळतं.

दारू : कोण घरी थांबू शकते, कोण नाही

पोटातल्या बाळाला दारूची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा माहीत नाही आणि सुरक्षित असा महिनाही नाही. आईच्या रक्तात गेलेली दारू वारेतून बाळात जाते, आणि बाळाच्या यकृताला ती पचवता येत नाही. पहिल्या तिमाहीत चेहरा, हृदय, अवयव यांची घडण बिघडते. मेंदूचं नुकसान तर नऊही महिने होऊ शकतं. पुढे मूल शाळेत मागे पडतं, एका जागी बसत नाही, आणि त्याचा संबंध कुणी गरोदरपणाशी जोडत नाही.

‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हे मनातून काढा. ४२.८ टक्के दारूच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे दोन बाटल्या बिअर क्वार्टरच्या पुढे जाते. पहाटे माडावरून उतरवलेली गोड नीरा काही तासांत आंबते, दुपारी तीच माडी असते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उन्हाळ्यात काजूचा उराक घरोघर येतो, तोही दारूच. हातभट्टीत मिथेनॉल असलं तर आणखी वेगळा धोका. पिऊन काही तासांनी धूसर दिसायला लागलं, पोटात कळा आल्या तर झोप काढायची नाही, थेट रुग्णालय.

आता तीन प्रश्न. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घोट घेतल्यावर थांबतात का? अजिबात प्यायली नाही असे लागोपाठ दोन दिवस गेल्या महिन्यात गेले का, आणि त्या दिवसांत घाम, उलटी, झोप उडणं असं झालं का? पूर्वी कधी दारू बंद पडल्यावर फिट आली किंवा भास झाले का?

तिन्ही उत्तरं साफ असतील, म्हणजे बाई सणावारी किंवा आठवड्यातून एखादवेळी घेणारी असेल, तर आजपासून पूर्ण बंद. काही त्रास होत नाही. एकाही उत्तरात संशय आला तर ती रुग्णालयात दाखल होऊनच थांबवायची. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. दाखल असताना डॉक्टर औषधं देऊन, थायमिन देऊन, बाळाचे ठोके बघत हे निभावतात. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तिची बाटली हिसकावून ओतून टाकू नका. पुष्कळ चांगल्या हेतूची माणसं नेमकं हेच करतात.

कुठे न्यायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी दाखवा, पण अशी बाई तिथे ठेवून घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथली जिल्हा रुग्णालयं, जिथे प्रसूतिविभाग आणि मानसोपचार दोन्ही आहेत, हे खरं ठिकाण. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. नुसत्या व्यसनमुक्ती केंद्रात गरोदर बाई परस्पर पाठवू नका, आधी बाळाची तपासणी. गाडीसाठी १०२, तातडीत १०८. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून नेणं, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणं आणि परत सोडणं, तिन्ही फुकट आहे.

फिट आली तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं कठीण सामान हलवा, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. वीस आठवड्यांनंतरच्या बाईला फिट आली तर ती दारूचीच असेल असं धरून चालू नका. रक्तदाब वाढूनही तशीच फिट येते आणि ती जास्त घातक असते. दोन्हींत १०८.

‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पावडर हा वेगळाच ताप आहे. नवऱ्यासाठी म्हणून ती आमटीत टाकतात, आणि त्याच टोपातली आमटी पोटुशी बायको जेवते. अशा पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू गेली की उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली. गरोदर बाईच्या जेवणात ती जाताच कामा नये. घरात पुडी दिसली तर विचारा, उचलून डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. ‘कळायच्या आधी दोन महिने प्यायले, आता काय उपयोग’ किंवा ‘आता हे मूल ठेवू नये’, ही दोन्ही वाक्यं तुम्हाला ऐकावी लागतील. थांबवली त्या दिवसापासून बाळाला फायदा होतो. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला डॉक्टर असतात, तिथे तिला न्या आणि सोनोग्राफीच्या आधी हे सांगू द्या.

गोळ्या आणि गर्द

झोपेच्या, ‘टेन्शनच्या’ गोळ्या किंवा कोडीनचं सिरप रोज घेणारी बाई शहरी भागात, शिकलेल्या घरातही असते. स्वतःहून मात्रा कमी करायची नाही, डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. गर्द घेणारीला तर अचानक थांबवलं तर गर्भपात किंवा वेळेआधी कळा येण्याची भीती असते. तिला पर्यायी औषधावर ठेवून बाळंतपण सुखरूप होतं. गांजाने बाळाचं वजन घटतं, तो लगेच थांबवता येतो. कुठे जायचं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मन हलकं करायला टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फुकट.

तिघांचं कडं

मोठी समिती नेमू नका. गरोदर बाईभोवती तीन माणसं पुरेत, आणि ती तिने निवडायची.

एक आशाताई: दवाखाना, तारखा, गोळ्या. दुसरी तिची हक्काची बाई: जाऊ, नणंद, शेजारीण, कुणीही, जी रोज दिसते आणि जिला तलफ आली की हाक मारता येते. सासूला यात घ्यायचं की नाही ते तीच सांगेल. पुष्कळदा सासू स्वतः मिश्री लावते आणि तिला वगळणंच बरं, पण कधीकधी दोघी एकदम सोडतात आणि तेव्हा काम फार सोपं होतं. तिसरं माणूस गाडीवालं: रिक्षा, छोटा हत्ती, काहीही, ज्याच्याकडे रात्री दोनला जाता येईल. त्याला कारण सांगायची गरज नाही, ‘दवाखान्यात न्यायचं आहे’ एवढं बस. घरात रेंज नसेल तर वाडीत ती कुठे मिळते हे तिघांनाही माहीत हवं. पावसाळ्यात साकव पाण्याखाली जात असेल तर सातव्या महिन्यानंतर रस्त्याकडेच्या नातेवाइकांकडे हलवायचं आधी ठरवा.

बचत गट काय करू शकतो? गाडीभाड्यासाठी हजार-दीड हजार बाजूला ठेवणं, तपासणीच्या दिवशी थोरल्या मुलांना सांभाळणं, हळदीकुंकवाला किंवा गटाच्या बैठकीला मिश्रीची डबी न फिरवणं. काय करू नये? दंड. काही गट पिणाऱ्या बाईला दंड लावतात किंवा कर्ज अडवतात. त्याने दारू सुटत नाही, सांगणं सुटतं. पोलिसांनाही तिच्यावर बोलावू नका. गावची हातभट्टी बंद करणं आणि उभी-आडवी बाटलीचं मतदान हे काम जरूर करा, पण ते वेगळं. तिच्या नावावर ते चालवू नका.

नवरा घरी असताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने खलाशी घरी, हाती काम नाही, मग आषाढ अमावास्येची गटारी. बाईला संयमाचा सल्ला देऊन काही होत नाही, समोर रोज बाटली उघडत असेल तर. नवऱ्याकडे एकच मागणी करा, छोटी आणि पाळता येण्याजोगी: घरात बाटली आणायची नाही आणि पिऊन आलास तर पडवीत झोपायचं. ‘तू सोड’ ही मागणी पहिल्या दिवशी नको. त्याला ९ तारखेला सोबत न्या, बाळाचे ठोके ऐकू द्या, आणि डॉक्टरांकडूनच वाक्य येऊ द्या.

तो पिऊन मारत असेल तर क्रम बदलतो. मग आधी बाईची सुरक्षा: १८१ महिला हेल्पलाइन, तातडीत ११२, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याप्रमाणे तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार. तो शुद्धीत नसताना घरात शिरून समजावू नका. तुम्ही गेल्यावर मार तिलाच बसतो.

दिवाळीनंतर रायगडातली कित्येक आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात. निघण्याआधी कार्डाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये काढून द्या, महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या हातात द्या, आणि भट्टी ज्या गावात आहे तिथल्या आशाताईंना फोन करा. आदिवासी म्हटलं की दारू आणि बंगल्यातली सून म्हटली की काही नाही, असं धरून चालू नका. तुमची यादी तिथेच फसते.

बाळंतपण आणि पुढचे बेचाळीस दिवस

कळा सुरू झाल्यावर नर्सला सांगायचं, की बाई शेवटची कधी प्यायली किंवा गोळी घेतली. गर्द किंवा गोळ्या घेणारीचं बाळ एक ते तीन दिवसांत, कधी त्याहून उशिरा, किंचाळायला, थरथरायला, दूध न ओढायला लागतं. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते त्याला देखरेखीखाली ठेवतात. नाहीतर तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळते आणि बाळ घरी बिघडतं. वजन कमी असेल तर एसएनसीयू (नवजात बाळांचा विशेष काळजी कक्ष), पुढे वाढ मागे पडली तर जिल्हा रुग्णालयातलं लवकर हस्तक्षेप केंद्र.

बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून ब्रँडी, बाळाला सर्दी झाली म्हणून ब्रँडीचे दोन थेंब, हे कोकणात अजून चालतं. दोन्ही नको. छातीला चोळायलाही नको, बाळाची कातडी ती शोषून घेते. ऊब हवी तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण. आई प्यायली असेल तर त्या वेळी पाजायचं नाही आणि बाळाला तिच्या कुशीत झोपवायचं नाही, दुसऱ्या बाईने सांभाळायचं. पाजायला एका पेगनंतर साधारण दोन तास थांबायचं, दोन पेगनंतर चार.

मिश्री आणि दारू दोन्ही परत सुरू होतात ती बहुतेक बाळंतपणानंतर. नऊ महिने बाळासाठी धरलेलं असतं, आता ‘झालं’ असं वाटतं. झोप नाही, अंग दुखतं, माहेरी सगळ्या मिश्री लावतात. आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्याच आहेत. बाळाचं वजन करताना चौदाव्या दिवसापासून आईलाही तोच पहिला प्रश्न विचारा: दात कशाने घासता? आणि बाळंतीण माहेरी गेली असेल तर तिथल्या आशाताईंना तो विचारायला सांगा.